पेवांतलें धान्य आणि पेरलेलें धान्य

नांदेड व लातूर या बाजूच्या गांवांत पूर्वीं ज्वारी सांठविण्यासाठीं पेवें असत. जेथें पाणी मुरत नाहीं अशी उंचवट्यावरची कठीण जागा पाहून खोल खड्डा खणावयाचा, तळाशीं व बाजूंनीं कडब्याचा थर द्यावयाचा, आंत ज्वारी ओतावयाची आणि तोंड दगडमातीनें बंद करावयाचें. असें धान्य कांहीं वर्षें टिके आणि दुष्काळांत तेंच गांवाचा आधार होई. परंतु या पेवाचीं दोन लक्षणें जुन्या माणसांना चांगलीं ठाऊक होतीं. एक, पेव उघडतांच त्यांत कोणीं उतरावयाचें नाहीं. आंत कोंडलेल्या वायूनें माणूस गुदमरतो, म्हणून आधीं तें कांहीं वेळ उघडें ठेवावयाचें. दुसरें, पेवांतलें धान्य कितीहि जपलें तरी त्याचा एक दाणा वाढत नाहीं. भिंतीलगतची ज्वारी काळी पडते, फार दिवसांच्या धान्याला उग्र वास येतो, आणि तें बियाण्याच्या कामाचें राहत नाहीं. धान्य वाढावयाचें असेल तर तें चाड्यांतून खालीं मातींत गेलें पाहिजे. आणि मातींत टाकतांना तें गेल्यासारखेंच वाटतें.

ख्रिस्ती धर्मांत ईश्वरानें दिलेल्या देणग्यांविषयीं जें शिक्षण आहे, तें या पेवाच्या आणि पेरणीच्या भेदावरून पुष्कळसें उमगतें. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत येशू ख्रिस्तानें सांगितलेला एक दृष्टांत आहे. परदेशीं जाणारा एक धनी आपल्या तीन दासांना बोलावून आपलें द्रव्य त्यांच्या स्वाधीन करतो. एकाला पांच तालांत, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. पहिले दोघे तें व्यापारांत घालून दुप्पट करतात. तिसरा जमीन खणून आपला वांटा पुरून ठेवतो आणि धनी परत आल्यावर जसाच्या तसा त्याच्यापुढें ठेवतो. या तिसऱ्या दासानें चोरी केली नाहीं, उधळपट्टी केली नाहीं, खोटा हिशेब दिला नाहीं. तरीहि दोष त्यालाच लागतो. प्रथम ऐकणाराला हा निकाल कठोर वाटतो. त्यांतील न्याय ध्यानांत येण्यासाठीं दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट हिशेबाची आहे. तालांत हें एका वजनाचें नांव होय. चांदीचा एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाकाठीं तीनशें दिवस काम मिळालें असें धरलें, तरी एका तालांताची किंमत वीस वर्षांच्या मजुरीइतकी होते. तेव्हां ज्याला 'एकच' मिळाला तो दास कंगाल नव्हता. शेजाऱ्याच्या पांचांकडे पाहून त्याला आपला एक लहान दिसला असावा, इतकेंच. दुसरी गोष्ट त्याच्या कबुलीची. आपण भ्यालों म्हणून पुरून ठेवलें, असें तो धन्याला सांगतो. त्याच्या मतें धनी कठोर आहे. चुकलें तर तो क्षमा करणार नाहीं. म्हणजे दासाचा खरा अपराध आळसाच्याहि आधींचा आहे. ज्यानें विश्वासानें एवढें द्रव्य हातीं दिलें, त्याच्या औदार्यावरच त्याचा विश्वास नव्हता. इंग्रजींत अंगच्या गुणाला 'टॅलेंट' म्हणतात, तो शब्द या दृष्टांतावरूनच रूढ झाला. रोजच्या बोलण्यांत मात्र त्या शब्दामागचा धनी आणि त्याचा हिशेब दोन्हीं विसरलीं गेलीं आहेत.

प्रेषित पौलानें आपल्या पत्रांत या देणग्यांना 'खारिस्मा' हा ग्रीक शब्द वापरला आहे. 'खारिस' म्हणजे कृपा. जें कृपेनें मिळालें तें खारिस्मा. मराठी ख्रिस्ती लेखनांत त्याला 'कृपादान' म्हणतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत पौल मंडळीला देहाची उपमा देतो. डोळ्यानें हाताला तुझी गरज नाहीं असें म्हणूं नये, आणि पायानें आपण हात नाहीं म्हणून देहाचे नाहीं असें समजूं नये, हा त्याचा मुद्दा. रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत त्यानें देणग्यांची जी यादी दिली आहे, तींत उपदेशाइतकेंच सेवेला, शिकविण्याला, धीर देण्याला आणि हंसतमुखानें दया करण्याला स्थान आहे. पेत्राच्या पत्रांत तर प्रत्येक विश्वासणाऱ्याला ईश्वरी कृपेचा कारभारी म्हटलें आहे. कारभारी हा मालक नसतो. त्याच्या हातांतून पुष्कळ जातें, पण त्यांतलें त्याचें स्वतःचें कांहीं नसतें. आणि म्हणूनच तें देतांना त्याला गर्व करावयास जागा उरत नाहीं.

कारभारी म्हटला कीं मराठी माणसाला दामाजीपंत आठवतात. बेदरच्या बादशहाचे ते मंगळवेढ्याचे अधिकारी. दुर्गादेवीच्या दुष्काळांत त्यांनीं सरकारी कोठारें भुकेल्या रयतेसाठीं खुलीं केलीं आणि विठोबानें महाराचें रूप घेऊन त्यांची भरपाई केली, ही कथा घरोघर परिचित आहे. बेदर हें उदगीरपासून दूर नाहीं. या भागाला ती कथा घरचीच आहे. या कथेंत धान्य बादशहाचें होतें आणि तें वांटण्याची परवानगी नव्हती. म्हणून दामाजीपंतांच्या जीवावर बेतलें. ख्रिस्ती शिक्षणांतील कारभाऱ्याची स्थिति उलट आहे. येथें कोठाराच्या धन्यानेंच वांटण्याची आज्ञा दिलेली आहे. जीवावर बेतावयाचें तें वांटल्यामुळें नव्हे, तर कुलूप लावून बसल्यामुळें.

ही तत्त्वें महाराष्ट्रांत कशीं आचरलीं गेलीं, हें पाहिलें म्हणजे विषय अधिक स्पष्ट होतो. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. स्त्रियांना संस्कृत शिकविणें हें पाप समजलें जाई अशा काळीं अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें तें मुलीला दिलें. दुष्काळानें आईवडील व थोरली बहीण गेल्यावर रमाबाईंजवळ द्रव्य, घर, आप्त यांपैकीं फारसें कांहींच उरलें नाहीं. उरली ती विद्या. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मानमरातबांत सुखानें राहण्यास एवढी विद्या पुरेशी होती. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८८९ सालीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन काढलें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्य प्रांतांतून शेंकडों अनाथ मुली आणल्या. त्यांच्यासाठीं केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें मुलींना अन्नवस्त्र मिळे, पण तेवढ्यावर काम थांबलें नाहीं. त्यांना अक्षरओळख, विणकाम व छापखान्याचें काम शिकविण्यांत येई. अंध स्त्रियांना हातानें वाचावयास शिकविलें जाई. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ च्या एप्रिलांत त्यांचें देहावसान झालें, आणि तें भाषांतर १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. दुष्काळांतून आणलेल्या मुलींसारख्या मुलींच्या हातांनीं तेथें छपाईचें काम होई. आईनें मुलीला दिलेली विद्या अशा रीतीनें कोठून कोठें गेली, याचा हिशेब पेवाच्या मापानें करतां येणार नाहीं.

दुसरें उदाहरण रे. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक या दांपत्याचें आहे, आणि तें अधिक अवघड आहे. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांची काव्यशक्ति त्यांनीं मराठी मंडळ्यांना भजनांच्या रूपानें दिली. ख्रिस्ती उपासनेला मराठी वळण लावण्याचें श्रेय मोठ्या अंशीं त्यांच्याकडे जातें. परंतु ते जसे शब्दांचे उदार तसेच पैशांचेहि. हातीं आलेलें दारीं आलेल्याला देऊन मोकळें व्हावयाचें, आणि घरांत पीठ आहे कीं नाहीं याची विवंचना लक्ष्मीबाईंनीं करावयाची, असा प्रकार वारंवार होई. 'स्मृतिचित्रें' या १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत लक्ष्मीबाईंनीं तो मोठ्या विनोदानें सांगितला आहे. तरी त्या विनोदाखालचा त्रास लपत नाहीं. येथें एक रास्त प्रश्न उभा राहतो. देणारा एक आणि त्याची झळ सोसणारा दुसरा, अशा दानाला उदारपणा म्हणावें काय?

या प्रश्नाचें उत्तर पौलाच्या लिखाणांतच मिळतें. यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठीं करिंथकरांकडे वर्गणी मागतांना, इतरांना सुख व्हावें आणि तुम्ही मात्र ओझ्याखालीं दडपावें असा आपला हेतु नाहीं, समानता व्हावी हा हेतु आहे, अशा आशयाचें त्यानें स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे घरांतल्या माणसाला विचारल्याविना त्याच्या ताटांतलें उचलून देणें ही उदारपणाची पूर्ण रीति नव्हे. परंतु टिळकांच्या घराची कथा एवढ्यावर संपत नाहीं. टिळकांनीं 'ख्रिस्तायन' हें ओवीबद्ध काव्य आरंभिलें आणि सुमारें दहा अध्याय झाले असतां १९१९ सालीं ते निवर्तले. तें काव्य पुढें लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें आणि साठांहून अधिक अध्याय रचून पुरें केलें. त्यांचें शालेय शिक्षण झालेलें नव्हतें. जोडाक्षरें लिहितांना त्यांची अडचण होई. ज्या घरांत पांच तालांतांचा कवि होता, त्याच घराच्या स्वयंपाकघरांत दुसरी देणगी इतकीं वर्षें झांकलेली राहिली होती. शेजारचीं देणगी ओळखून तिला वाव देणें हाहि उदारपणाच होय, आणि तो पैसे देण्यापेक्षां बहुधा कठीण असतो.

या कठीण उदारपणाचें अलीकडच्या काळांतील ठळक उदाहरण मराठवाड्याच्या सीमेवरच घडलें. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेड हें बीड व धाराशिव जिल्ह्यांस लागून असलेलें अवर्षणाचें ठिकाण. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत शिकलेलें. पुढें अमेरिकेंतहि त्यांचें उच्च शिक्षण झालें. मोठ्या शहरांत मानाचें व सुखाचें जीवन त्यांना सहज मिळालें असतें. १९७० सालीं ते जामखेडला आले. तेथें चांगलें रुग्णालय चालविलें असतें तरीहि लोकांनीं त्यांना धन्यवादच दिले असते. पण त्यांच्या ध्यानांत आलें कीं गांवांतलीं बहुतेक दुखणीं रुग्णालयाच्या दारापर्यंत येतच नाहींत. अतिसारानें सुकून जाणारें मूल, बाळंतपणांत दगावणारी बाई, लपविलेला कुष्ठरोग, हीं सारीं दुखणीं घरांतच राहतात. आरंभीं त्यांनीं शिकलेल्या परिचारिका गांवोगांव पाठविण्याचा प्रयत्न केला; पण बाहेरून आलेली तरुण मुलगी खेड्यांत एकटी राहूं शकेना, आणि गांवहि तिचें ऐकेना. तेव्हां त्यांनीं गांवांनाच आपापल्यांतली एक बाई निवडावयास सांगितलें.

निवडलेल्या बायांपैकीं बहुतेक निरक्षर होत्या आणि पुष्कळ दलित समाजांतल्या होत्या. त्या ठराविक दिवशीं जामखेडला येत, शिकत, आपल्या गांवचे अनुभव एकमेकींना सांगत आणि शिकलेलें गांवीं नेत. मुलांचीं वजनें घेणें, मीठसाखरेचें पाणी पाजणें, बाळंतपण स्वच्छतेनें करणें, क्षयरोग व कुष्ठरोग ओळखणें हें काम त्यांच्या हातीं आलें. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास हातपंप बसविले गेले तेव्हां ते दलित वस्तींत बसतील अशी काळजी घेण्यांत आली. पाण्यासाठीं सर्वांना तेथें यावें लागलें आणि शिवाशिवीचा बंध कांहीं प्रमाणांत आपोआप सैल झाला. १९७१ सालीं त्या भागांत जन्मणाऱ्या हजार बालकांपैकीं सुमारें १७६ वर्षाच्या आंत दगावत. पुढच्या पंचवीस वर्षांत तो आंकडा तीसच्या खालीं आला. १९७९ सालीं आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व रजनीकांत २०११ सालीं निवर्तले.

या कामांत डॉक्टरांनीं काय दिलें, याचा नीट विचार केला पाहिजे. औषध दिलें कीं तें संपतें. रोगी पुन्हां डॉक्टरकडेच येतो आणि डॉक्टरांची थोरवी कायम राहते. पण ज्ञानच देऊन टाकलें म्हणजे देणाराचें एक स्थान जातें. ज्या गोष्टीसाठीं लोक आपल्यापुढें हात जोडत, ती आतां शेजारची बाई करूं लागते. व्यवसायांतल्या पुष्कळांना हेंच नको असतें. जामखेडच्या एका कार्यकर्तीनें अमेरिकेंतील एका आरोग्य परिषदेंत सभागृहाच्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांची तुलना मोठ्या डॉक्टरांशीं केली. सुंदर, पण महाग आणि दूरचीं. मग तिनें साधा दिवा पुढें करून आपलें काम सांगितलें. एका दिव्यानें दुसरा लावला तर पहिल्याचा उजेड उणा होत नाहीं, आणि दिवा गरिबाच्या घरांतहि जाऊं शकतो, हें तिचें म्हणणें विद्वानांच्या सभेंत टाळ्या मिळवून गेलें. दृष्टांतांतल्या तिसऱ्या दासाला कोणी धीर दिला असता तर काय झालें असतें, याचें उत्तर जामखेडच्या बायांनीं दिलें आहे. त्यांचा तालांत त्यांनीं स्वतः पुरलेला नव्हता. समाजानें तो पुरून वर दगड ठेवला होता. तो दगड काढणें हें देणगीचेंच काम होतें.

लातूरकरांना याच प्रकारचा एक अनुभव दुःखाच्या प्रसंगीं आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारें दहा हजार माणसें गेलीं. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी झाली होती; गांवें थकून झोंपलीं होतीं. मातींत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद, अशा घरांनींच माणसांना गाडलें. देशभरांतून धान्य, कपडे व पैसा आला आणि त्याची गरज होतीच. परंतु घरें पुन्हां कशीं बांधलीं म्हणजे तीं पडणार नाहींत, हें सांगणाऱ्या माणसाची देणगी त्याहून टिकाऊ ठरली. घरांच्या दुरुस्तीच्या व मजबुतीच्या कामांत गांवच्या महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमण्यांत आलें. भिंतीला कोठें पट्टा द्यावा, वरची माती किती उतरवावी, हें त्या घरोघर सांगत. हें काम कोणा एका धर्माचें नव्हतें. देणगी ज्याची त्याच्याजवळ ईश्वरानें ठेवली, मग तो कोणत्याहि देवळांत जावो, असेंच ख्रिस्ती मनुष्य मानील.

नांदेडच्या रहिवाशाला तर हें निराळें सांगावयास नको. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं जेथें देह ठेवला, त्या सचखंड हजूर साहिबांत चालणाऱ्या लंगरांत श्रीमंत माणूस पोळ्या लाटतो, भांडीं घासतो आणि गरिबाच्या पंक्तीला बसून जेवतो. तेथें केवळ द्रव्य देऊन सुटतां येत नाहीं. हात द्यावे लागतात. ख्रिस्ती कुटुंबें या दोन्हीं जिल्ह्यांत संख्येनें थोडीं आहेत. आपण थोडे, आपल्याजवळ काय आहे, असा विचार त्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. पण तो तिसऱ्या दासाचाच विचार होय.

शहरांतील सुशिक्षित घरांत आज सर्वांत मोठा सांठा विद्येचा असतो. लातूरला तर विद्येच्या बाजारानें देशभर नांव मिळविलें आहे. दूरदूरचीं मुलें तेथें परीक्षांच्या तयारीसाठीं येतात आणि त्यासाठीं घरच्यांना कर्जहि काढावें लागतें. शिक्षकानें आपल्या श्रमाचें मोल घ्यावें यांत गैर नाहीं. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे हें शास्त्रवचनच आहे. परंतु आठवड्यांतले दोन तास शेजारच्या मोलकरणीच्या मुलाला गणित शिकविण्यासाठीं निघाले, तर त्या शिक्षकाचें गणित उणें होत नाहीं. निवृत्त कारकुनाला अर्ज लिहितां येतो. पुष्कळ विधवांचें निवृत्तिवेतन एका नीट न भरलेल्या अर्जापायीं अडलेलें असतें. परिचारिकेला रात्रीं शेजारच्या तान्ह्या मुलाचा ताप पाहतां येतो. गवंड्याला प्रार्थनामंदिराची गळकी भिंत दिसते. ज्या आजीजवळ यांतलें कांहींहि नाहीं, तिच्याजवळ ऐकून घेण्याची सवड असते, आणि ती आज फार दुर्मिळ झालेली देणगी आहे.

मात्र तीन पथ्यें संभाळावीं लागतात. पहिलें, दान गाजवूं नये. उजव्या हाताचें डाव्यास कळूं नये, ही येशूची शिकवण प्रसिद्धच आहे. ज्या दानाचा फलक लागतो, त्याची परतफेड फलकानेंच झालेली असते. दुसरें, घरच्यांच्या संमतीनें द्यावें. लक्ष्मीबाईंच्या डब्यांतलें पीठ हेंहि दानाच्या हिशेबांत धरलें पाहिजे. तिसरें पथ्य सर्वांत नाजूक आहे. ज्याला दिलें तो कायमचा मागणारा राहील असें देऊं नये. मदत घेणारा उद्यां कोणाला तरी मदत करूं शकेल काय, असा प्रश्न देणारानें आधीं स्वतःस विचारावा. केडगांवच्या मुलींना आणि जामखेडच्या बायांना जें मिळालें, तें त्यांच्यापाशीं थांबलें नाहीं. त्यावरूनच तें खरें दान ठरलें.

पेवाविषयींची जुन्या माणसांची सावधगिरी येथें पुन्हां आठवते. फार दिवस मिटलेलें पेव उघडलें कीं लगेच आंत उतरतां येत नाहीं. आधीं वारा खेळूं द्यावा लागतो. मिटलेल्या माणसाचेंहि तसेंच असतें. ज्यानें वर्षानुवर्षें कोणाला कांहीं दिलें नाहीं, त्याला एकदम सर्वस्व देतां येणार नाहीं, आणि तशी अपेक्षाहि करूं नये. त्यानें प्रथम झांकण काढावें. एका मुलाला एक धडा शिकवावा, एक अर्ज लिहून द्यावा, एका आजाऱ्यापाशीं संध्याकाळीं घटकाभर बसावें. आंत किती धान्य आहे आणि त्यांतलें किती अजून पेरण्याजोगें आहे, हें त्यानंतरच त्याचें त्याला दिसूं लागेल.